आरशातला हंगाम

चष्मेवाल्याला पनवती ठरवलं ते एका दातांच्या डॉक्टरने, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, अडाण्यांचा कारभार असेल. तसं काही नव्हतं. दवाखान्याच्या भिंतीवर दोन पदव्या टांगलेला, लोकांच्या जबड्यात दिवा घालून कीड शोधणारा माणूस होता तो, आणि सामन्याच्या दिवशी डावा मोजा उलटा घालून यायचा. मोज्याचं कारण विचारलं की म्हणायचा, "माझा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर. पण उगाच धोका कशाला घ्या?"

ही सगळी मंडळी पिवळ्यांची चाहती. पिवळे म्हणजे शहराचा फुटबॉल संघ. लीग त्यांनी कधी जिंकलेली नव्हती, पण हरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर हंगामाच्या सुरुवातीला चाहते छाती फुगवायचे, मध्यावर कपाळाला हात लावायचे आणि शेवटी रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घरी जायचे. पुढच्या हंगामाला परत छाती तयार.

त्यांचा अड्डा चष्म्याच्या दुकानासमोरच्या सलूनमध्ये होता. गल्ली इतकी अरुंद की सलूनवाल्याने कात्री आपटली तर चष्मेवाल्याला ऐकू यावी. सलूनच्या मागच्या भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्यासमोर रस्त्याकडे पाठ करून ठेवलेला बाक, आणि बाकाच्या टोकाला दोन जुन्या फिरत्या खुर्च्या. त्यांच्यावर आता कुणाचे केस कापत नसत. एका खुर्चीवर चष्मेवाल्याचे सासरे बसायचे. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस, मोजकं बोलणारा. पिवळे एकदा दुसरे आले होते ते वर्ष त्या मंडळींत फक्त त्यांनी पाहिलेलं, त्यामुळे मान मोठा. दुसरी खुर्ची त्यांच्या मित्राची होती. तो गेला तेव्हापासून रिकामी. त्या खुर्चीसाठी डॉक्टरनेही हळूच खडा टाकून पाहिला होता, पण म्हाताऱ्याने मान हलवली. या हंगामाच्या आधी मात्र त्यांनी खुर्चीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाले, "जावईबापू, बसा."

चष्मेवाल्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याला दिलेली ही पहिली शाबासकी. तो बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

आणि पिवळे हरायला लागले.

एकदा हरले, दोनदा हरले, मग असे हरले की सलूनवाल्याने टीव्हीवर टॉवेल टाकला. पुढच्या सामन्यात दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून चष्मेवाला उठून गेला, आणि त्याची पाठ वळते न वळते तोच गोल झाला. गिऱ्हाईक आटपून तो परत येऊन बसला, तर समोरच्यांनी बरोबरी केली. डॉक्टरने उलट्या मोज्याच्या पायावर पाय टाकला, चष्मेवाल्याकडे बराच वेळ बघितलं आणि निदान केलं, "हे तुम्ही आहात."

मग चर्चा झाली. चर्चा म्हणजे सगळे बोलले आणि चष्मेवाल्याने ऐकलं. ठरलं असं, की सामना चालू असताना त्याने आपल्या दुकानात बसायचं, तेही रस्त्याकडे पाठ करून, म्हणजे सलूनमधून त्याची पाठ दिसत राहील. नंतर पुन्हा दाखवतात ते गोलही बघायचे नाहीत. पेपर वाचायला हरकत नाही. चष्मेवाल्याने मोठ्या आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे खुर्चीच्या हातावरचं सोलपटलेलं कातडं नखाने सारखं करत होते. ते इतकंच म्हणाले, "पिवळ्यांसाठी करा तेवढं."

म्हणजे ज्याचा धंदाच लोकांना दिसावं हा, त्यालाच बघायला बंदी. बायको काउंटरवर फ्रेमी पुसत होती. तिला हसू आवरेना. "बावीस धडधाकट माणसं मैदानात पळणार, आणि जिंकणं-हरणं माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांवर!" ती म्हणाली. "घरात तर समोर ठेवलेली चावी दिसत नाही तुम्हाला."

पुढच्या सामन्याला चष्मेवाला तोंड फुगवून दुकानात बसला, रस्त्याकडे पाठ करून. आता त्याच्या दुकानाची एक गोष्ट सांगायला हवी. दुकान आखूड होतं. डोळे तपासताना अक्षरांचा तक्ता जितका लांब हवा तितकी लांबी नव्हती, म्हणून अशा दुकानांतून करतात तसं त्याने केलं होतं: उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. गिऱ्हाइकाने आरशात बघून वाचायचं. तर चष्मेवाला त्या खुर्चीत, त्या आरशासमोर बसला होता. वर नजर गेली तर आरशात गल्ली, गल्लीपलीकडे सलूनची काच, काचेच्या आत बाकावरची डोकी आणि डोक्यांच्या वर टीव्ही. टीव्हीवर मुंगीएवढी पिवळी माणसं पळत होती.

त्याने पटकन मान खाली घातली. मग विचार केला. ठरलंय काय? रस्त्याकडे बघायचं नाही. मी कुठे बघतोय? माझी पाठ आहे रस्त्याकडे. माणसाला जे करायचंच असतं त्यासाठी त्याच्यातला वकील लगेच जागा होतो. चष्मेवाल्याने खण उघडला, ज्यांची नजर फार अधू असते त्यांना देतात तो नळकांड्यांचा, दुर्बिणीसारखा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. मुंग्यांची माणसं झाली. थोड्या वेळाने त्यातल्या एका माणसाने गोल केला. चष्मेवाल्याने ओरडू नये म्हणून स्वतःच्या शर्टाची बाही चावली.

पिवळे जिंकले. त्याच्या पुढचाही सामना जिंकले. मग बघता बघता असे जिंकत सुटले की पेपरवाल्यांनाही विशेषणं पुरेनात. चष्मेवाला दर सामन्याला आरशासमोर बसे आणि बाही चावे. बायकोला बाह्या शिवाव्या लागत, तेव्हा तिला सांगावंच लागलं. ती म्हणाली, "बघा हवं तर. पण उद्यापासून तो जुना फाटका शर्ट घालून बसा."

सगळा हंगाम त्याने उलटा पाहिला. आरशात डाव्याचं उजवं होतं. पिवळे उजवीकडे हल्ला करत तेव्हा त्याच्या आरशात ते डावीकडे धावत. पहिल्या दोन-तीन सामन्यांत तो मनातल्या मनात फिरवून घ्यायचा, नंतर सवय झाली. सलूनमधल्या माणसांचंही एकेक दिसायचं. डॉक्टर मोज्यावर हात ठेवून बसायचा. सलूनवाला एकदा एका विमा एजंटाची अर्धी दाढी करून गोल बघायला वळला होता, तेव्हापासून दर सामन्याला त्या एजंटाला बोलावून अर्ध्या दाढीवर बसवून ठेवायचा. बिचारा शेवटची शिट्टी होईपर्यंत एका गालावर फेस घेऊन बसे. आणि सासऱ्यांची एक जुनी खोड होती. पेनल्टी आली, गोलसमोर गर्दी झाली, जीव टांगणीला लागला, की त्यांना टीव्हीकडे बघवत नसे. ते खुर्ची गर्रकन फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसत आणि आरडाओरडा झाला की परत वळत. आरशात ते पांढरं डोकं आपल्याकडे वळलं की चष्मेवाल्याला वाटायचं, सापडलो. मग तो स्वतःला समजवायचा, एवढ्या लांबून म्हाताऱ्याला काय दिसणार! सासऱ्यांचा चष्मा आपणच बनवलाय आणि लांबचंच दिसावं म्हणून बनवलाय, हे त्या वेळी त्याला आठवत नसे. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्याचं हे असं असतं.

जिंकायला लागल्यापासून चष्मेवाल्याची पनवती जाऊन त्याचा त्यागी पुरुष झाला. सामना संपला की सलूनमधून पहिला चहा त्याच्याकडे यायचा. लोक हात जोडायचे. सलूनवाला त्याचे केस फुकट कापायचा आणि कापताना गिऱ्हाइकांना सांगायचा, "यांनी एकही गोल बघितलेला नाही. एकही!" गिऱ्हाइकं हळहळायची. चष्मेवाला खाली मान घालून बसायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

हंगामाचा शेवटचा सामना आला तेव्हा पिवळे पहिल्या नंबरावर होते. गोदीवाले, म्हणजे बंदराकडचा संघ, त्यांच्या पाठीला पाठ लावून दुसरे. पिवळ्यांचा शेवटचा सामना होता तळाच्या संघाशी. तो संघ आधीच खालच्या लीगमध्ये ढकलला गेला होता, त्यातले निम्मे खेळाडू नव्या नोकऱ्या शोधत होते. पिवळ्यांना जिंकायचीही गरज नव्हती. हरायचं नव्हतं, बस.

आदल्या दिवशी सलूनमध्ये चष्मेवाल्याचा सत्कार झाला. डॉक्टरने भाषण केलं. "गोल करणाऱ्यांची नावं सगळे लक्षात ठेवतात," तो म्हणाला. "गोल न बघणाऱ्याचं नाव कोण ठेवतो? आपण ठेवू. एवढ्या मोहाच्या समोर बसून या माणसाने मान वळवली नाही. मी तर म्हणतो, असा प्रामाणिक माणूस माझ्या दवाखान्यातसुद्धा येत नाही." टाळ्या पडल्या. त्याला एक मोठा पिवळा झेंडा दिला. सलूनवाल्याने जाहीर केलं की उद्या लीग जिंकली की सासऱ्यांशेजारची खुर्ची कायमची चष्मेवाल्याची, आणि तिथे बसवून त्याला सगळा हंगाम पहिल्यापासून दाखवायचा. सासरे खुर्चीतून जावयाकडे बघत होते, आणि चष्मेवाल्याला वाटलं त्यांचे डोळे भरलेत.

त्याला लाज वाटली. खरोखर वाटली, घरी जाऊन तो जेवलाही नाही. इतक्या साध्या भाबड्या लोकांना आपण वर्षभर फसवलं. ती खुर्ची त्याला हवी होती, फार हवी होती, पण चोरीच्या पैशाने घेतल्यासारखी नको होती. निदान शेवटचा सामना तरी दिल्या शब्दाला जागून बसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नळकांड्यांचा चष्मा खणात ठेवून खणाला कुलूप लावलं, चावी बायकोकडे दिली आणि तोच पिवळा झेंडा खिळे ठोकून आरशावर लावला. आरसा दिसेनासा झाला.

"हे काय खूळ?" बायकोने विचारलं.

"आज मी नाही बघणार. खरंच नाही."

"वर्षभर बघितलं तेव्हा जिंकत होते ना? मग चालू द्या की जे चाललंय ते."

"तुला नाही कळायचं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व म्हटलं की नवरा काहीतरी नुकसान करून घेणार, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. ती फ्रेमी पुसायला लागली.

सामना सुरू झाला. चष्मेवाला झेंड्यासमोर बसला. सलूनमधून गलका येत होता, मग शांतता, मग पुन्हा गलका. वर्षभर आरशात बघत आल्यामुळे त्याला आवाज वाचता येत नव्हते. नुसत्या आवाजाने जीव खालीवर होत होता. गोल नाही झाला एवढं कळलं, कारण गोल झाला असता तर सलूनवाला रस्त्यात आला असता.

हाफटाइमला दुकानाचं दार उघडलं आणि सासरे आत आले. सामना चालू असताना ते खुर्ची सोडत नसत, हाफटाइमलाही नाही. चष्मेवाला उभाच राहिला.

"चष्म्याची दांडी ढिली झालीय," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने बघितलं. दांडी घट्ट होती. तरी त्याने स्क्रू फिरवल्यासारखं केलं आणि चष्मा परत दिला. सासऱ्यांनी तो घातला. "जरा बघू कसा बसलाय. आरसा?"

चष्मेवाल्याने हातातला छोटा आरसा पुढे केला.

"हा नको. तो भिंतीवरचा मोठा." सासऱ्यांनी झेंड्याकडे बोट केलं. "झाकलाय कशाला?"

"धूळ बसते, बाबा."

"आजच बसते?"

चष्मेवाल्याने ओळखलं. म्हातारा परीक्षा घेतोय! काल भाषण झालं, आज पडताळणी. बरं झालं आपण झेंडा लावला, असं त्याला वाटलं. तो छाती काढून म्हणाला, "आज तो आरसा उघडणार नाही, बाबा. काही झालं तरी नाही. तुम्ही निश्चिंत मनाने बसा."

सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात सलूनमधून हाक आली आणि ते वळून गेले. जाताना त्यांचे खांदे उतरलेले होते. चष्मेवाल्याला मात्र आपण पास झालो असं वाटून धन्य वाटत होतं.

सामना संपता संपता तळाच्या संघाला कॉर्नर मिळाला. गोल वाचवायला उडी मारलेल्या पिवळ्यांच्याच बॅकच्या खांद्याला बॉल लागला आणि आत गेला. हे चष्मेवाल्याला नंतर कळलं. त्या क्षणी कळली ती एवढी शांतता, की गल्लीत कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला नळ गळतोय हे ऐकू आलं. मग सलूनमध्ये काहीतरी फुटलं. तिकडे गोदीवाले जिंकले होते, लीग त्यांना गेली.

चष्मेवाला गल्ली ओलांडून सलूनमध्ये शिरला तेव्हा चर्चा पेटली होती. रेफ्री विकला गेला होता, गवत मुद्दाम ओलं ठेवलं होतं, प्रशिक्षकाला हाकला, मालकाला हाकला. एका कोपऱ्यात विमा एजंट अर्ध्या दाढीने उभा राहून विचारत होता, "आता उरलेली करता का?" आणि सलूनवाला म्हणत होता, "लोकांची लीग गेली आणि तुम्हाला गालाची पडलीय!" डॉक्टरने मोजा काढून हातात घेतला होता आणि तो सरळ की उलट हे तपासत होता. सासरे आपल्या खुर्चीत बसून होते.

चष्मेवाला आत आला तसे सगळे त्याच्याकडे वळले.

"बघितलंत ना?" डॉक्टर म्हणाला.

"नाही!"

"खरं बोला. कॉर्नरच्या वेळी मान वळवलीत. हळूच."

"शप्पथ सांगतो, नाही! आज तर मुळीच नाही!"

जन्मात पहिल्यांदा तो या विषयावर खरं बोलत होता आणि कुणाचाही विश्वास बसत नव्हता. वर्षभराच्या खोट्यावर याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. डॉक्टरने मान हलवली, जसा तो गोड खाल्लं नाही म्हणणाऱ्या पेशंटसमोर हलवत असेल. मग पुन्हा खेळाडूंकडे वळला. "आणि तो टोळ! त्याला विकून टाका आधी. वर्षभरात केलं काय त्याने?"

टोळ हे पिवळ्यांच्या एका किडकिडीत खेळाडूचं टोपणनाव. चष्मेवाल्याचा तो लाडका. आपल्यावर आळ आलेला त्याने गिळला असता, पण टोळावरचा गिळवला नाही.

"काय केलं?" तो ओरडला. "गोदीवाल्यांना हरवलं कुणी? उजव्या कडेने सुटला, त्या टकल्या बॅकला दोनदा चकवलं, पाय घसरून पडला, पडल्या पडल्या बॉल आत ढकलला, आणि सगळे नाचत असताना उजव्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी बसून बुटाची नाडी बांधत होता! असा गोल बघायला नशीब लागतं!"

सगळी डोकी पुन्हा त्याच्याकडे वळली. एजंटाच्या गालावरचा फेस ओघळला.

"नाडीचं पेपरात नव्हतं," डॉक्टर हळूच म्हणाला.

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. "आणि टोळ डावीकडून खेळतो. तो गोल डाव्या कडेने झाला." त्याने समोरच्या आपल्या आरशाकडे पाहिलं, ज्यात बघून तो आयुष्यभर लोकांचे कल्ले सारखे करत आला होता. मग गल्लीपलीकडे, चष्म्याच्या दुकानाकडे. "त्या झेंड्यामागे काय आहे हो?"

चष्मेवाल्याने मान खाली घातली. "आरसा," तो म्हणाला.

मग जे झालं ते न सांगितलेलं बरं, पण थोडं सांगतो. आधी सगळ्यांना फसवलं म्हणून त्याला शिव्या बसल्या. "काल भाषण केलं मी!" डॉक्टर ओरडत होता. "प्रामाणिक म्हटलं!" चष्मेवाला कळवळून सांगायला लागला, की म्हणूनच तर आज झेंडा लावला, आज एकही क्षण पाहिला नाही. डॉक्टर एकदम थांबला. त्याच्या चेहऱ्यावर ज्ञानाचा उजेड पडला.

"म्हणजे वर्षभर तुम्ही बघितलं आणि आपण जिंकलो."

"हो."

"आणि आज बघितलं नाही."

"नाही ना."

"खुनी आहात तुम्ही!"

"पण सुरुवातीला मी इथे बसून बघत होतो तेव्हा आपण हरत होतो—"

"ते सामने धरायचे नाहीत. तेव्हा संघ जुळायचा होता." डॉक्टरचं शास्त्र असं होतं. त्यात न बसणारं तो कापून टाकायचा. त्याने तिथल्या तिथे निकाल दिला: पुढच्या हंगामात चष्मेवाल्याने एकही सामना चुकवायचा नाही, आणि दुकानात बसून नाही, इथे, या खुर्चीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. "परत तुमचा प्रामाणिकपणा उफाळून आला तर? भरवसा नाही तुमचा."

सलूनवाला म्हणाला, डोळे मिटू नयेत म्हणून तो स्वतः लक्ष ठेवेल.

अशी ती खुर्ची चष्मेवाल्याला मिळाली. वर्षभर हवी होती तीच, सासऱ्यांच्या शेजारची. शिव्यांच्या पावसात उभा असतानाही त्याच्या पोटात कुठेतरी गोड वाटलं. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. एवढ्या गोंधळात त्यांनी जावयाच्या बाजूने एक अक्षर काढलं नव्हतं. ते उठले, टोपी घातली आणि कुणाशी न बोलता घरी गेले. ते चष्मेवाल्याला सगळ्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच सासरे दारात उभे होते. आत येऊन ते तपासणीच्या खुर्चीत बसले. "दूरचं थोडं पुसट दिसायला लागलंय," ते म्हणाले. "नंबर बघा."

चष्मेवाल्याने दुखऱ्या मनाने खिळे उपटले आणि झेंडा उतरवला. आरशात सासरे दिसत होते, त्यांच्या मागे तो स्वतः आणि त्याच्याही मागे गल्ली.

"काल एक शब्द बोलला नाहीत, बाबा," शेवटी तो म्हणाला.

"काय बोलणार? मला माहीत होतं, हे सांगू?"

चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली.

"तुम्हाला आरशात टीव्ही दिसतो, तर आरशात तुम्ही कुणाला दिसणार नाही?" सासरे म्हणाले. "तुमचाच धंदा ना हा? पहिल्या सामन्यालाच मी खुर्ची फिरवली आणि समोर तुमचं तोंड. डोळ्यांवर ती नळकांडी, तोंडात बाही. मी कधी पेनल्टी बघितली नाही आयुष्यात. छाती धडधडते. या वर्षी सगळ्या बघितल्या, तुमच्या तोंडावर. बाही चावलीत की गोल. जीभ बाहेर आली की वाचलो. काल कॉर्नर आला तेव्हा मी फिरलो, तर समोर नुसता झेंडा." ते थांबले. "मला परत वळून टीव्हीकडे बघावं लागलं. माझ्या डोळ्यांदेखत तो बॉल खांद्याला लागला."

"तुम्ही हाफटाइमला आलात तेव्हा सांगायचं ना!"

"मुलीसमोर? जावयाचं तोंड बघत बसतो म्हणून?" म्हातारा चिडला, मग ओशाळला. "बाक गच्च भरलेला असतो तिथे. डॉक्टर आहे, न्हावी आहे. पण सामना मी तुमच्याबरोबर बघत होतो."

चष्मेवाल्याने लांबच्या नंबराची एक काच उगाचच फडक्याने पुसली.

"त्यांनी ती खुर्ची दिलीय मला आता," तो म्हणाला. "तुमच्या शेजारची."

"माहितेय. तुमच्यासाठी मीच ती पुसली होती." सासरे आरशात त्याच्याकडे बघत होते. "आता नका बसू त्यात."

"बाबा, वर्षभर तीच तर—"

"तुम्ही शेजारी बसलात तर मी वळल्यावर कुणाकडे बघू?"

काउंटरवर बायकोचा फ्रेम पुसणारा हात थांबला होता. तिने वर बघितलं नाही.

चष्मेवाल्याने सासऱ्यांच्या डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवली. त्याला ठाऊक होतं, आज दुपारी सलूनमध्ये जाऊन खुर्ची नको म्हणायचं म्हणजे परत शिव्या, कदाचित कायमच्या, आणि कारण तर सांगता येणार नाही. पाठ दुखते म्हणून सांगू, असं त्याने ठरवलं. डॉक्टर म्हणेल, हा माणूस लीगचा शत्रू आहे. म्हणू दे.

त्याने एक काच घातली, काढली, दुसरी घातली. "वाचा," तो म्हणाला.

सासरे तक्त्याकडे बघत नव्हते. "अजून जरा वाढवा," ते म्हणाले. "ओठ पुसट दिसतात."

त्याने नंबर वाढवला.

"हां," म्हातारा म्हणाला. "आता बरोबर दिसता."